न्हाणीतला बंब आणि समोरची भिंत

ज्या हिवाळ्यात आमच्या घरी तांब्याचा बंब आला, त्याच हिवाळ्यात बाळंतिणीसाठी राखलेल्या खोलीची भिंत ओली झाली. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे बरेच दिवस कुणाला सुचलं नाही. त्याला कारणही होतं. बंब ज्या भिंतीशी उभा होता ती कोरडी ठणठणीत होती. ओल आली होती ती तिच्या समोरच्या भिंतीला.

आम्ही तेव्हा ताडकळसला राहत होतो. वडील शाळेत शिकवत. निजामाच्या राज्यातली शाळा, त्यामुळे शिकवणं उर्दूतून, घरातलं बोलणं मराठीतून आणि रागावणं दोन्ही भाषांतून चाले. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, रेल्वेत नोकरीला होता आणि महिन्यातले बरेच दिवस बाहेर असे. घरात आई, वडील, वहिनी आणि मी. वहिनीला पहिल्यांदाच दिवस गेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. वहिनीची आई ती लहान असतानाच वारली होती आणि माहेरी सावत्र आई होती. तिच्याबद्दल वहिनी कधी वाईट बोलल्याचं मला आठवत नाही. चांगलंही बोलल्याचं आठवत नाही. एकदा ज्वारी पाखडता पाखडता ती आईला म्हणाली,

"आत्याबाई, मी हितंच राहिले तर चालंल का?"

"का गं? माहेराला जायचं नाही व्हय?"

"तिथं मला न्हायला पाणी कोण तापवून देणार?"

 संध्याकाळी आईने वडिलांना सांगितलं की सून इथंच बाळंत होईल, आणि बाळंतिणीच्या न्हाण्याला पाणी भरपूर लागतं, तेव्हा परसातल्या चुलाणावरच्या हंड्याने भागणार नाही. वडिलांच्या ओळखीचे एक गृहस्थ हैदराबादला जात-येत असत. त्यांनी बंब आणला. तो गाडीने चुडाव्याच्या स्टेशनात उतरला आणि तिथून कडब्यात गुंडाळून बैलगाडीतून घरी आला. गल्लीतल्या बायका तो बघायला आल्या. गार पाणी वरून ओतायचं, मधल्या नळीत विस्तव घालायचा आणि तोटी फिरवली की कढत पाणी. एकीने तोटी फिरवून पाहिली आणि हात पोळून घेतला.

आता घराची रचना सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. घर माळवदाचं होतं, म्हणजे वर सपाट मातीचं छत. मागच्या अंगाला न्हाणी, तिला लागून बाळंतिणीसाठी ठरवलेली खोली आणि खोलीच्या पलीकडच्या भिंतीमागे शेजाऱ्यांचं अंगण. न्हाणीच्या छताला एक साणं होतं. साणं म्हणजे उजेड यावा आणि धूर जावा म्हणून माळवदात ठेवलेलं भोक. न्हाणी आणि खोली यांच्यामधल्या भिंतीत उंचावर एक आरपार कोनाडा होता. त्यात चिमणी ठेवली की एकाच दिव्यात दोन्हीकडचं भागे.

बंब कुठे ठेवायचा हे आईने ठरवलं. खोलीच्या भिंतीला चिकटून ठेवायचा, म्हणजे ती भिंत गरम राहील आणि बाळंतिणीला ऊब मिळेल. विचार चुकीचा नव्हता. ती भिंत खरोखरच गरम राहिली.

दुसरी तयारीही तिने वेळेआधीच करून टाकली. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे तिचं सगळ्यात मोठं पथ्य. तिची धाकटी बहीण बाळंतपणात गेली होती, आणि न्हाताना तिला वारा लागला असं घरच्यांनी तेव्हा सांगितलं होतं. आईने न्हाणीच्या साण्यात जुनी गोधडी कोंबली आणि वरून शेणमातीने लिंपून घेतलं. खोलीची खिडकी बोळे घालून बंद केली. बंबात धूर होऊ नये म्हणून कापसाच्या पऱ्हाट्यांऐवजी कोळसे घालायचे ठरलं. धूर दिसेनासा झाला, तेव्हा साणं बंद असल्याचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

पौष लागला. थंडी पडली. एके दिवशी सकाळी वहिनीने खोलीतल्या बाहेरच्या भिंतीला हात लावला आणि हात ओला झाला.

पुढच्या आठवड्यात पांढऱ्या मातीचा लेप पोपड्यांनी सुटू लागला. खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. भिंतीशी ठेवलेल्या गाद्यांना कुबट वास येऊ लागला. आईने शेगडी पेटवून खोलीत ठेवली. दुपारपर्यंत भिंत सुकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओली.

"ओल्या खोलीत बाळंतीण निजवायची नाही," आई म्हणाली. "अंगात वात धरतो. जन्मभर जात नाही."

याचा अर्थ सगळ्यांना कळला. दुसरी खोली नव्हती. भिंत सुकली नाही तर वहिनीला माहेरी पाठवावं लागणार होतं आणि तेही लवकर, कारण आठव्या महिन्यात आमच्याकडे प्रवास करत नाहीत.  वहिनी रोज सकाळी उठली की आधी त्या भिंतीला हात लावायची. मग चूळ भरायची.

वडिलांचा तर्क सरळ होता. भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंचं अंगण. काकू शेती सांभाळणाऱ्या, घरात लेक-सुना असून सगळा कारभार स्वतःच्या हाती ठेवणाऱ्या. त्यांचा पाण्याचा मोठा रांजण नेमका आमच्या भिंतीला टेकून पुरलेला होता. वडील डोक्याला रुमाल बांधून पाहणी करायला तिकडे गेले. मी मागोमाग गेले.

"काकू, जरा मुआयना करायचा होता."

"कशाचा मुआयना, गुर्जी? आमी काय कुनाचा खून केलाय का?"

"तुमचा रांजण पाझरतोय. आमची भिंत ओली झाली."

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "ह्यो रांजन माज्या सासूनं पुरलाय. तवा तुमचं लगीन बी झालं नव्हतं. इतकी वर्सं न्हाई पाझरला, अन् आता तुमच्या घरी तांब्याचा बंब आला म्हनून पाझरायलाय व्हय?"

काकूंनी हे चिडवायला म्हटलं होतं. बंब दाखवायला आईने सगळ्या गल्लीला बोलावलं आणि काकूंना बोलवायचं राहिलं, तो राग त्यात होता. उत्तर त्या टोमण्यातच होतं, पण ते काकूंना ठाऊक नव्हतं आणि वडिलांनाही उमगलं नाही. दोघंही रांजणावरच भांडले. अखेर काकूंनी दोन गडी बोलावले, रांजण उकरून काढला आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला.

"घ्या. आता सुकती का बघा तुमची भित. न्हाई सुकली तर परत हितं येऊन मला सांगायचं. तोंडानं सांगायचं."

भिंत सुकली नाही.

सांगायला कुणी गेलंही नाही. वडील म्हणाले, जुनी ओल आहे, मुरलेलं पाणी सुकायला वेळ लागतो. आई म्हणाली, गाडीवानाला सांगून ठेवा. वहिनीची पेटी माळ्यावरून खाली आली आणि ओसरीत येऊन बसली.

त्या पेटीतूनच वहिनीने मेणाची डबी काढली. कपाळावर आधी मेणाचा ठिपका लावून त्यावर कुंकू बसवत, ते मेण. मग तिने फडताळातून काशाची ताटली घेतली. भिंतीचा तेवढाच भाग तिने आधी शेगडीने खणखणीत सुकवला, खाली दोन खिळे ठोकले, त्यांवर ताटली टेकवून ती भिंतीला उपडी चिकटवली आणि कडेने बोटाबोटाने मेण दाबून फट बुजवली.

आईने ते पाहिलं. "कुंकवाचं मेण भिंतीला? भिंतीला हळदी-कुंकवाला बोलावलंय का?"

"उद्या सांगते, आत्याबाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर, वहिनीने मला हाक मारली आणि वडिलांना बोलावून आणायला सांगितलं. ती वडिलांसमोर बोलत नसे. पदर पुढे ओढून ती दाराआड उभी राहिली आणि माझ्याकडे बघत बोलू लागली. वडील हाताच्या अंतरावर उभे होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"मामंजींना म्हणावं, ताटली बघा."

ताटलीवर पाण्याचे थेंब होते. कपाळावर घाम यावा तसे बारीक, काही जागी एकमेकांत मिळून ओघळलेले.

"तिला म्हणावं, दिसतंय," वडील मला म्हणाले.

"आता म्हणावं, मागं बघा."

मी मेण खरवडून ताटली काढली. मागची भिंत आदल्या दिवशी सुकवली होती तशीच कोरडी होती. पांढऱ्या मातीचा गोल, आणि भोवती सगळी ओल.

"मामंजींना म्हणावं, पाणी काकूंच्या अंगणातून आलं असतं तर ताटलीच्या मागं आधी लागलं असतं. हे पुढून आलंय. भिंत पाझरत नाही. भिंतीला घाम आलाय."

वडिलांनी वाकून तो कोरडा गोल बोटाने चाचपला. पुन्हा चाचपला. मग मला मध्ये न घेता सरळ दाराकडे बघून म्हणाले, "मग घाम कशाचा?"

वहिनी गोंधळली आणि तिनेही थेट उत्तर दिलं. "ते नाही कळलं."

तिथून पुढचे काही दिवस आमच्या घरात भिंतीशिवाय दुसरा विषय नव्हता. ओल कुठून येते याचं भय होतंच, पण त्याहून जास्त कुतूहल होतं. ताटली मेण लावून पुन्हा खिळ्यांवर गेली आणि येणारा-जाणारा तिच्यावर बोट फिरवून बघू लागला. आईचं म्हणणं, माणसांच्या श्वासाने होत असेल. म्हणून एक रात्र खोलीत कुणी निजलं नाही. सकाळच्या आंघोळी झाल्या तशी ताटली ओली. वडिलांचं म्हणणं, शेगडीच्या उष्णतेने मातीतलं पाणी सुटत असेल. शेगडी बंद केली. ताटली ओलीच. दादा त्या आठवड्यात घरी आला होता. तो म्हणाला, इंजिनाच्या खोलीतही असंच होतं, गार लोखंडाला वाफ लागली की पाणी. पण इथे वाफ कुठली? चूल तर स्वयंपाकघरात, घराच्या दुसऱ्या टोकाला.

उत्तर योगायोगाने मिळालं. बंबाची तोटी गळू लागली म्हणून तो तांबटाकडे दुरुस्तीला गेला. त्या दिवसांत पाणी पुन्हा परसातल्या चुलाणावर, उघड्या आभाळाखाली तापू लागलं, आणि परसातच अंगावर घ्यायचं म्हणून सगळे कुडकुडत न्हाऊ लागले. ताटली कोरडी राहिली. भिंतीवरचा काळा डागही पांढुरका होत चालला.

मग बंब परत आला. पहिल्याच सकाळी ताटलीवर थेंब.

"चोर घरात आन् पावलं शेजारी," आई म्हणाली.

वडील उदबत्ती घेऊन न्हाणीत गेले. बंब पेटलेला होता, पाण्याला उकळी होती आणि आत डोळ्यासमोरचं दिसू नये इतकी वाफ कोंडलेली होती. इतके दिवस ती वाफ रोज सगळ्यांनी पाहिली होती, पण थंडीत ती सुखाची वाटे, म्हणून कुणी तिच्याकडे संशयाने पाहिलं नव्हतं. वडील पाटावर चढले आणि उदबत्ती त्या दिव्याच्या कोनाड्यापाशी धरली. धुराची रेघ सरळ वर जायची ती मोडली, आडवी झाली आणि कोनाड्यातून खोलीत शिरली. मी खोलीच्या बाजूने बघत होते. धूर आत आला, छताखालून सरकत समोरच्या भिंतीपर्यंत गेला. ती भिंत उत्तरेची, उन्हाचं तोंड न पाहिलेली, दगडासारखी गार. बंबाजवळची भिंत तापलेली होती, म्हणून तिच्यावर वाफ ठरत नव्हती. ती पुढे जाऊन या गार भिंतीवर पाणी होत होती.

वडील पाटावरून उतरले आणि वर पाहिलं. साण्याच्या जागी शेणमातीचा गुळगुळीत लेप होता. ते आईकडे वळले. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? वाऱ्यासाठी बुजवलंय."

"आभाळाकडचं भोक बुजवलं, आणि घरातलं उघडं ठेवलं," वडील म्हणाले.

मला इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. त्या महिन्यात न्हाऊन आल्यावर वहिनीचं डोकं जड व्हायचं, कधी चक्कर यायची. दिवस गेलेल्या बाईला असं होतं, असं म्हणून ते सोडून दिलं होतं. वडिलांचंही डोकं दुखे. त्याचं खापर थंडीवर फुटे. कोंडलेल्या जागेतला कोळशाचा विस्तव धूर दाखवत नाही आणि तरीही माणसाला मारू शकतो, हे मला पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्या कामाच्या निमित्ताने कळलं. आम्ही केवळ भिंत ओली झाली म्हणून साण्याकडे पाहिलं.

कारण कळलं, पण प्रश्न सुटला नव्हता. साणं उघडायला आई तयार नव्हती.

"भिंत सुकंल आन् बाळंतिणीला वारा लागंल. काय मिळवलं? माझी बहीण अशीच गेली. त्यापेक्षा ही माहेरी जाऊ द्या."

वडिलांनी समजावून पाहिलं. आईने ऐकलं नाही. ओसरीतली पेटी अजून तिथेच होती. वहिनी आईजवळ जाऊन बसली.

"आत्याबाई, वारा येऊ द्यायचा नाही, मला कबूल हाय. पण वाफेला वाट दिली पाहिजे. वारा आडवा येतो. वाफ उभी जाते. दोघांची वाट एक कुठं हाय?"

आई उठून न्हाणीत गेली आणि साण्याकडे बघून आली. मग तिने मला कुंभाराकडे पिटाळलं आणि तोंड फुटलेलं का होईना, मोठं मडकं आणायला सांगितलं. पुढचं सगळं दोघींनी मिळून ठरवलं. साणं उघडलं आणि बंब भिंतीपासून काढून त्याच्या बरोबर खाली घेतला. रॉकेलचे डबे कापून नळकांडं करून घेतलं आणि ते बंबाच्या मधल्या नळीच्या तोंडावर बसवून साण्यातून माळवदाच्या वर काढलं. नळकांड्याभोवती साण्यात चार बोटांची फट ठेवली, वाफेसाठी. वर ते मडकं उपडं घातलं आणि त्याच्या खांद्याला चारी बाजूंनी भोकं पाडली. बाहेरच्या वाऱ्याने झोत मारला तरी तो या भोकातून त्या भोकात निघून जावा. मधला कोनाडा विटा-मातीने बुजवला आणि खोलीसाठी वेगळी चिमणी आली.

बंब पेटवला. मडक्यातून आधी धूर आणि मग पांढरी वाफ बाहेर पडली. बाहेर माळवदावर बऱ्यापैकी वारा होता. आई तेलाचा दिवा घेऊन न्हाणीत गेली आणि पाटावर, जिथे बाळंतीण बसणार तिथे, स्वतः बसली. दिवा आधी डोक्याशी धरला, मग मानेशी, मग पाठीमागे. आम्ही दारातून बघत होतो.

"वात हलत नाही," ती म्हणाली. दिवा खाली ठेवत म्हणाली, "मग अंगात धरणारही नाही."

ओसरीतली पेटी त्या दिवशी पुन्हा माळ्यावर गेली.

राहिलं ते काकूंकडचं. तोंडानं सांगायचं, असं त्यांनी बजावलं होतं. वडिलांनी दोन दिवस रुमाल बांधला आणि सोडला. शेवटी तेच गेले. काकू शेंगा फोडत बसल्या होत्या.

"काकू, ओल आमच्याच बंबाची निघाली."

"मला काय ठावं न्हाई? मी त्याच दिशी म्हनले व्हते."

"म्हटलं होतं खरं."

"शिकल्याल्या मानसाला लय उशिरा ऐकू येतं." त्यांनी मूठभर शेंगा वडिलांपुढे सरकवल्या. "आता रांजन परत तितंच पुरते. आन् सुनंला म्हनावं, काय लागलं-सवरलं तर भितीवर थाप मार. मी हितंच हाय."

वहिनी चैत्रात, भर दुपारी बाळंत झाली. आमच्याकडे मूल जन्मलं की, मुलगा असो की मुलगी, त्याच्या कानाशी काशाचं ताट वाजवतात. सुईणीने ताट मागितलं. बाकी भांडी स्वयंपाकघरात होती आणि जवळ होती ती भिंतीवरची ताटली. साणं उघडल्यापासून ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी ती ओढून काढली. कडेचं मेण उन्हाळ्याने मऊ झालं होतं, ते बोटांना चिकटलं. ताटली पुढून कोरडी होती, मागून कोरडी होती, आणि भिंतीवर आता गोल उमटलेला नव्हता, कारण सगळी भिंत एकाच रंगाची झाली होती.

आईने ताटली वाजवली. मूल दचकलं आणि मोठ्याने रडलं.

भिंतीपलीकडून थाप आली. "काय झालं गं?"

"पोरगी," आईने ओरडून सांगितलं.

"आन् भित?"

"सुकी हाय."

"मग घाला न्हाऊ," काकू म्हणाल्या.

बंब सकाळपासून पेटलेलाच होता. थोड्या वेळाने मी परसात गेले तेव्हा माळवदावरच्या मडक्याच्या चारी भोकांतून वाफ निघत होती. भोकांच्या कडा काजळीने काळ्या होत चालल्या होत्या, आणि पलीकडच्या अंगणात काकू रांजणाशी उभ्या राहून वर बघत होत्या.